दत्तक मूल आणि मधले दिवस

(चिंचवड येथे महिला गटांच्या कार्यकर्त्यांपुढे केलेल्या भाषणाचा मजकूर. बोलण्याचा ओघ शक्य तितका तसाच ठेवला आहे.)



दत्तक या विषयावर बोलायला कुणी बोलावलं की त्यांच्या मनात दोनपैकी एक गोष्ट असते. बाईंनी कायदा समजावून सांगावा, नाही तर डोळ्यांत पाणी आणणारी एखादी हकिगत सांगावी. आज दोन्ही थोडं थोडं होईल, पण मला मुख्यतः बोलायचं आहे ते मधल्या दिवसांबद्दल. मूल नव्या आईच्या कडेवर बसून संस्थेच्या दारातून बाहेर पडतं, तिथपासून ते आपल्या घरात स्थिरावतं तिथपर्यंतचे दिवस. कायद्याच्या पुस्तकात त्यांना नाव नाही. फोटोच्या अल्बममध्ये ते असतात, पण त्यात सगळे हसत असतात.

परदेशातून येणाऱ्या आईबापांच्या बाबतीत हे दिवस अगदी वेगळे काढून दाखवता येतात. मूल हातात आलेलं असतं, पण आदेशाची प्रत, जन्मदाखला, पासपोर्ट, व्हिसा यातलं काही ना काही यायचं असतं. तोवर ही माणसं पुण्यात एखाद्या हॉटेलच्या खोलीत किंवा कुणाच्या तरी फ्लॅटमध्ये मुलाला घेऊन बसलेली असतात. आईबाप परक्या देशात आणि मूल परक्या माणसांत. मी दत्तक देणाऱ्या एका संस्थेत बरीच वर्षं काम केलं, आणि अशा खोल्यांमध्ये मी खूप वेळा जाऊन बसले आहे. नावं-गावं मी सांगणार नाही, ती सांगण्याचा मला अधिकारही नाही.

पुण्यात हे काम जुनं आहे, हे तुम्हाला ठाऊक आहेच. ससूनच्या आवारात सोफोश ही संस्था १९६४ पासून आहे, तिचं ‘श्रीवत्स’ तुमच्यापैकी काहींनी पाहिलं असेल. भारतीय समाज सेवा केंद्र १९७९ पासूनचं. त्या काळी परदेशी माणसाला इथे दत्तक घेता येत नसे. १८९० च्या पालकत्वाच्या कायद्याखाली तो नुसता ‘पालक’ व्हायचा, मूल घेऊन जायचा आणि दत्तक तिकडे गेल्यावर व्हायचं. मधल्या मधे मुलाचं काय झालं हे बघायला कुणी नव्हतं. लक्ष्मीकांत पांडे नावाच्या वकिलांनी सर्वोच्च न्यायालयाला पत्र लिहिलं, त्या पत्रालाच याचिका मानून १९८४ मध्ये न्यायालयाने नियम घालून दिले. १९९० मध्ये ‘कारा’ ही केंद्रीय यंत्रणा आली, २००३ मध्ये भारताने हेगच्या आंतरराष्ट्रीय कराराला मान्यता दिली, आणि २०१५ च्या बालन्याय कायद्याने काराला वैधानिक दर्जा मिळाला. एवढं होऊनही पैशांचे व्यवहार थांबले नाहीत. पुण्यातल्याच प्रीत मंदिर या संस्थेचा तपास २०१० मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या आदेशावरून सीबीआयकडे गेला होता. म्हणून ‘परदेशी दत्तक’ म्हटलं की आपल्यातल्या काही जणींच्या कपाळावर आठी येते, ते मी समजू शकते.

पण आज मला त्या वादात जायचं नाही. नियमांप्रमाणे मूल आधी देशातल्या आईबापांना दाखवतात. मोठं झालेलं किंवा आजार-अपंगत्व असलेलं मूल इथे बहुतेक जण नाकारतात. म्हणून परदेशी जाणारं मूल पुष्कळदा तान्हं नसतं. ते दीड, दोन, तीन वर्षांचं असतं. चालतं, बोलतं, हट्ट करतं. त्याची माणसं ठरलेली असतात. माझं आजचं बोलणं या वयाबद्दल आहे.

अशा मुलाचं त्या दिवशी काय होतं, ते त्याच्या उंचीवरून बघा. सगळे म्हणतात, ‘बाळाला आई मिळाली.’ बाळाला तसं काही वाटत नाही. सकाळी जिने आंघोळ घातली, नवा फ्रॉक घातला, पावडर लावली, ती मावशी दुपारी दिसेनाशी झाली एवढंच त्याला कळतं. त्याची लोखंडी कॉट गेली. शेजारच्या कॉटवरचा पोरगा गेला, जो रात्री खोकायचा. फिनेलचा वास, पातेल्यांचा आवाज, दुपारच्या भाताची वेळ गेली. आणि भाषा गेली. दोन वर्षांच्या मुलाची भाषा म्हणजे मोजके शब्द, पण ते त्याचं सगळं घर असतं. पाणी हवं असेल तर ‘पापा’ म्हणायचं, हे ज्या जगात चालत होतं ते जगच संध्याकाळपर्यंत नाहीसं होतं.

मग काही मुलं दोन दिवस रडतात. रडणारं मूल मला परवडतं. खोलीच्या दाराशी जाऊन ‘मावशी’ म्हणून हाका मारणारं मूल निरोगी आहे, त्याला कुणाची तरी आठवण येते आहे. मला काळजी वाटते ती शहाण्या मुलाची. लगेच झोपतं, कुणाकडेही जातं, वेटरकडे बघूनसुद्धा हसतं, पडलं तरी रडत नाही. आईबाप खूश. फोनवर घरी सांगतात, ‘किती लवकर रुळली!’ ती रुळलेली नसते. रडून उपयोग नाही हे तिला फार लवकर कळलेलं असतं. ब्रेड मुठीत धरून झोपणारी मुलं मी पाहिली आहेत. सकाळी मूठ सोडवावी तर त्यात ब्रेडचा लगदा.

इंग्लंडमध्ये जेम्स आणि जॉइस रॉबर्टसन या नवरा-बायकोने अशा मुलांच्या फिल्म केल्या आहेत. पहिली १९५२ मधली, इस्पितळात एकटी ठेवलेल्या दोन वर्षांच्या मुलीची. तेव्हा इस्पितळात आईला थांबू देत नसत, आणि डॉक्टर म्हणायचे की मुलं रडत नाहीत, छान राहतात. १९६९ मधली फिल्म जॉन नावाच्या सतरा महिन्यांच्या मुलाची आहे. आई बाळंतपणाला गेली म्हणून तो नऊ दिवस पाळणाघरासारख्या निवासी संस्थेत राहिला. संस्था वाईट नव्हती. नर्स प्रेमळ होत्या. पण त्या पाळीने काम करायच्या. जॉन सकाळी एकीला धरायचा, दुपारी ती घरी जायची. दुसऱ्या दिवशी दुसरीला धरायचा, ती दुसऱ्या मुलांत गुंतलेली. शेवटी त्याने माणसांचा नाद सोडला आणि एका मोठ्या कापडी अस्वलाला मिठी मारून पडून राहायला लागला. नवव्या दिवशी आई आली, तेव्हा तो तिच्याकडे जाईना. याच जोडप्याने दुसरी काही मुलं तशाच कारणासाठी स्वतःच्या घरी सांभाळली. तिथे एकच बाई होती, मुलांची तिच्याशी आधी ओळख करून दिलेली होती, आणि घरच्या सवयी तशाच चालू ठेवल्या होत्या. ती मुलंही आईची आठवण काढत होती, पण मोडून पडली नाहीत.

हे मी मुद्दाम या सभेत सांगते आहे. कारण त्याच काळात जॉन बौल्बी यांच्या लिखाणाचा आधार घेऊन पाश्चात्य देशांत बायकांना सांगितलं गेलं की घरी बसा, मुलं बिघडतील. आपल्या चळवळीने त्याला विरोध केला आणि बरोबर केला. पण रॉबर्टसनच्या फिल्ममध्ये, नीट पाहिलं तर, ‘आईने घरी बसावं’ असं कुठे दिसत नाही. दिसतं ते इतकंच की लहान मुलाला माणसं बदलत राहिलेली सोसत नाहीत. ते एक ठरलेलं माणूस बाप असू शकतो, आजी असू शकते. ते पाळीने बदलता कामा नये.

आता खोलीतल्या त्या दिवसांकडे येते. आमच्याकडे एक बाई आल्या होत्या, युरोपातल्या, शाळेत शिकवणाऱ्या. मुलगा पावणेदोन वर्षांचा. त्यांनी भरपूर वाचलेलं होतं, पण त्यांना मराठीचा एक शब्द येत नव्हता. आम्ही त्यांना सांगितलं, मुलाला घेऊन जाण्याआधी पाच-सहा दिवस रोज संस्थेत या आणि जमिनीवर बसा. खेळणी आणू नका, नुसतं बसा. पहिले दोन दिवस मावशीच भरवत होती आणि बाई शेजारी बसून बघत होत्या. तिसऱ्या दिवशी ताटली मावशीच्या मांडीवर आणि घास बाईंच्या हातात. मुलाने आधी मावशीच्या तोंडाकडे पाहिलं. मावशी म्हणाली, ‘खा रे, मम्म आहे.’ मग त्याने घास घेतला. ते वळून पाहणं आम्हाला महत्त्वाचं वाटतं. जुन्या माणसाने परवानगी दिली की मूल नव्याकडे जातं. हिसकावून घेतलेलं मूल ओरडतं, नाही तर गप्प होतं.

बाईंनी वहीत शब्द उतरवून घेतले. मम्म, पाणी, शू, भूर, गाई गाई, झालं, नको, ये, दे, बाऊ झाला का. उच्चार भयंकर. ‘झालं’ ते ‘जालाऽ’ असं काहीतरी व्हायचं. पण जेवण संपल्यावर त्यांनी दोन्ही हात उलटे करून ‘जालाऽ’ म्हटलं की पोरगं खळखळून हसायचं. मी सगळ्या परदेशी आईबापांना सांगत असे, तुमची भाषा तो सहा महिन्यांत शिकेल, ती घाई नाही. त्याचे वीस शब्द तुम्ही आत्ता शिका, म्हणजे त्याला हाक मारता येईल आणि हाकेला ओ मिळेल.

बाकीच्या सूचना अगदी घरगुती होत्या. त्याची चादर न धुता द्या, वास राहू दे. मऊ वरणभातच चालू ठेवा, हॉटेलवाल्याला सांगितलं तर तो करून देतो, तिखट मात्र नको म्हणावं. तेल लावून आंघोळ घाला, तेलाच्या हाताची त्याला सवय आहे. ओढणीने पोटाशी बांधून खोलीत फिरा. रात्री अंधार करू नका, संस्थेत कधी पूर्ण अंधार नसतो. कॉट वेगळी नको, तुमच्या खाटेला चिकटून हवी. त्याचं नाव बदलायचंच असेल तर निदान आत्ता बदलू नका. त्याचं म्हणून जे काही त्याच्याबरोबर विमानात चढणार आहे, त्यात नाव ही सर्वांत हलकी वस्तू आहे. आणि मुख्य म्हणजे शनिवारवाडा, सिंहगड, लक्ष्मी रोडवरची खरेदी हे सगळं रद्द. माणसं एवढ्या लांब येतात, त्यांना वाटतं मुलाचा देश बघून घ्यावा. मुलाला त्या वेळी देश नको असतो. एक खोली, दोन माणसं आणि ठरलेल्या वेळा पुरतात.

बापांबद्दल एक सांगायचं राहिलं. संस्थेत सगळ्या बायकाच असतात. त्यामुळे पुष्कळ मुलांनी दाढीवाला, जाड आवाजाचा माणूस जवळून पाहिलेलाच नसतो. मूल आईला चिकटतं आणि बापाला बघून किंचाळतं. बाप बिचारा पडेल चेहरा करून कोपऱ्यात बसतो. तो कामाचाच नाही असं समजून आई सगळं आपल्याकडे घेते आणि आठ दिवसांत दमून जाते. आम्ही सांगायचो, दूध बापाने द्यायचं. मोठेपणी जी कामाची वाटणी होते ती या खोलीतच सुरू होते.

दुसरी हकिगत इथलीच, म्हणून जरा सविस्तर सांगते. बाई मूळच्या चिंचवडच्या, लग्नानंतर परदेशी गेलेल्या. त्यांनी मुलगी घेतली, दोन वर्षं दोन महिन्यांची. ना हरकत दाखला मिळाल्यावर, आदेशाची वाट बघत असताना, अशा आईबापांना मूल देशातच तात्पुरतं सांभाळायला घेता येतं. तसं त्यांनी घेतलं. नवरा रजा संपल्यावर परत गेला आणि बाई मुलीला घेऊन प्राधिकरणातल्या माहेरी राहिल्या. आम्हाला वाटलं, हिला काय अडचण? भाषा आहे, घर आहे, आई आहे.

पहिल्याच संध्याकाळी घरात वीस-बावीस माणसं. काकू, मामी, शेजारच्या, भिशीच्या. फुगे, औक्षण, पेढे. प्रत्येकीने मुलीला घेतलं, आणि मुलगी प्रत्येकीकडे गेली. ‘अगं, माझ्याकडे कशी आली बघ पटकन, गुणाची आहे.’ मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा ती दारात उभी होती. कुणी चप्पल घातली की त्याच्या पायाला मिठी मारायची, कोण आहे हे न बघता. कोण नेईल त्याच्याबरोबर जायला ती तयार होती. जे मूल सगळ्यांकडे जातं त्याला अजून कुणीच नसतं, हे मी तिथे बोलले आणि आजींना ते लागलं.

मग आम्ही ठरवलं की तीन आठवडे भरवणं, आंघोळ, झोपवणं, रडल्यावर उचलणं, ही चार कामं फक्त आईची. आजीने स्वयंपाक बघावा, कपडे बघावेत, मुलीशी गोष्टी कराव्यात, पण उचलून घेऊ नये. आजी माझ्यावर चांगल्याच रागावल्या. ‘मी चार नातवंडं वाढवली. माझ्या घरात मलाच मनाई?’ त्यांचं चुकत नव्हतं. आपल्याकडे मूल घराचं असतं, एकट्या आईचं नसतं, आणि त्याचा बायकांना फार मोठा आधार आहे. पण घरात जन्मलेल्या मुलाला आई ठाऊक असते, तिच्यावरून ते इतरांकडे जातं आणि परत येतं. या मुलीला परत यायची जागाच अजून झालेली नव्हती. असं समजावल्यावर त्यांनी ऐकलं. नुसतं ऐकलं नाही, तर पुढचे तीन आठवडे दारात पहारेकऱ्यासारख्या बसून त्यांनीच येणाऱ्या-जाणाऱ्याला वाटेला लावलं. चहा बाहेरच्या बाहेर.

तिसऱ्या आठवड्यात मुलगी गॅलरीत पडली, गुडघा फुटला. आजी हातभर अंतरावर होत्या. मुलीने आजीकडे पाहिलं, भोकाड पसरलं, आणि आजीला ओलांडून लंगडत स्वयंपाकघरात आईकडे गेली. आजींनी मला फोन करून हे सांगितलं तेव्हा त्या रडत होत्या. त्यांना वाईट वाटलं नव्हतं, नात पहिल्यांदा रडली आणि कुणाकडे जायचं ते तिला कळलं, म्हणून. पुढे पासपोर्ट आला, व्हिसा आला, मायलेकी गेल्या. परदेशी गेलेल्या मुलांची पहिल्या वर्षी दर तीन महिन्यांनी आणि दुसऱ्या वर्षी दर सहा महिन्यांनी माहिती पाठवावी लागते. त्या कागदांवर वजन, उंची, लसी असतात. विमानतळावर मुलगी कुणाच्या कडेवर कशी बसली होती याला रकाना नसतो.

आता मी तुम्हाला भोसरीला घेऊन जाते. मला हा विषय या सभेत मांडावासा वाटला तो खरं तर यासाठीच.

तिथली बाई गाड्यांच्या वायरिंगच्या कारखान्यात कंत्राटावर काम करणारी. नवरा चाकणला, तोही कंत्राटी. दहा वर्षं मूल नाही, उपचारांत कर्ज झालेलं. त्यांनी नाव नोंदवलं, चौकशी झाली, तीन वर्षं वाट बघितली, आणि पावणेदोन वर्षांचा मुलगा मिळाला. आपल्याकडे एकदा मूल पसंत केलं की दत्तकपूर्व संगोपनासाठी ते थोड्याच दिवसांत घरी येतं. परदेशी बाईला मिळाले ते दिवस, ती खोली, ते जमिनीवर बसणं, हे हिला कुठून मिळणार? ती संस्थेत दोनदा येऊ शकली, दोन्ही वेळा पगार कापून घेऊन. मूल घरी आल्यावर तिने सुट्टी मागितली. उत्तर आलं, तुमचं मूल तीन महिन्यांपेक्षा मोठं आहे, ते बाळंतपणाच्या रजेत बसत नाही. आठ दिवस बिनपगारी मिळाले. नवव्या दिवशी ती पहिल्या पाळीला हजर. पुढच्या आठवड्यात दुसरी पाळी. नवऱ्याची पाळी वेगळी. सासू गावाहून आलेली, ती शेतीच्या कामाला परत गेली. मग शेजारीण. मग शेजारणीची मुलगी. मला जॉनच्या नर्स आठवल्या. फरक इतकाच की इथे पाळी आईची बदलत होती.

ही तीन महिन्यांची अट आली कुठून? २०१७ मध्ये प्रसूती लाभ कायद्यात दुरुस्ती झाली, पोटच्या मुलासाठीची रजा २६ आठवडे झाली, आणि दत्तक घेणाऱ्या आईला पहिल्यांदा १२ आठवडे मिळाले. आपण सगळ्यांनी स्वागत केलं. पण त्यात लिहिलं होतं की मूल तीन महिन्यांपेक्षा लहान हवं. आता हिशेब करा. जन्मदात्या आईने मूल सोपवलं तर तिला विचार बदलायला ६० दिवस असतात, आणि ते असायलाच हवेत. सापडलेल्या मुलाच्या आईबापांचा शोध घ्यायला, मूल दोन वर्षांच्या आतलं असलं तरी दोन महिने. त्यानंतर बाल कल्याण समितीचा दाखला, मग नाव पोर्टलवर, मग आईबापांना दाखवणं, त्यांचा होकार. हे सगळं करून तीन महिन्यांच्या आत कोणाच्या हातात मूल पडणार? म्हणजे रजा दिली आणि ती कुणाला घेता येऊ नये अशी सोयही केली. २०२० च्या सामाजिक सुरक्षा संहितेत ही अट जशीच्या तशी उचलली गेली. कर्नाटकातल्या हंसानंदिनी नंदुरी या दत्तक आईने २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तिला आव्हान दिलं, आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये न्यायालयाने सरकारला विचारलं की या अटीमागचं कारण तरी काय.

कारण आपल्याला ठाऊक आहे. रजा द्यायची ती शरीराच्या झिजेसाठी, टाके भरायला, दूध पाजायला, असा त्यामागचा विचार होता. मूल आणि आई एकमेकांना ओळखायला वेळ लागतो, आणि ते ओळखणं हेसुद्धा काम आहे, हे त्यात बसत नव्हतं. बायकांच्या कितीतरी कामांचं असंच झालं आहे. दत्तकाच्या बाबतीत तर २०१० पर्यंत हिंदू कायद्याप्रमाणे विवाहित बाईला स्वतःच्या नावाने मूल दत्तकही घेता येत नव्हतं. घेणारा नवरा, तिची फक्त संमती. आणि न झोपता मूल सांभाळणारी मात्र तीच.

सरकारी नोकरीतल्या बाईचं थोडं बरं आहे. केंद्र सरकारच्या नियमांत एक वर्षाच्या आतलं मूल घेतलं तर १८० दिवसांची रजा आहे, बापालाही १५ दिवस. पण वर्षाच्या आतलंच. ज्या मुलाला हा वेळ सर्वांत जास्त लागतो, ते दोन-तीन वर्षांचं मूल तिथेही बाहेरच. कंत्राटी कामगाराचं तर विचारूच नका. २४० दिवस भरू नयेत म्हणून जिला दर सात महिन्यांनी ब्रेक देतात, तिला कसली रजा आणि कसलं काय. वरच्या न्यायालयात लढाई झाली. कंत्राटदाराच्या वहीत ती आपोआप उतरत नाही, हे आपण किमान वेतनाच्या वेळी पाहिलं आहे.

भोसरीच्या त्या बाईचं पुढे काय झालं असं तुम्ही विचाराल. वस्तीतल्या बचत गटाने तिची बाजू घेतली. रजा मिळवून देणं त्यांच्या हातात नव्हतं. त्यांनी सुपरवायझरला गाठून तीन महिने तिला एकाच पाळीत ठेवायला लावलं, नवऱ्याने उलटी पाळी मागून घेतली, आणि शेजारच्या चौघींऐवजी एकाच बाईने मूल सांभाळायचं ठरलं, तिला गटाने थोडे पैसे दिले. म्हणजे तीन माणसं, पण तीच तीन. मूल सावरलं, पण फार उशिरा आणि फार कष्टाने. सहा महिने ते तिच्या कामाच्या पिशवीला हात लावून झोपायचं. पिशवी जागेवर आहे म्हणजे आई गेली नाही.

आणखी दोन बायका या गोष्टीत असतात. एक जिने मूल सोपवलं ती. चाकण, म्हाळुंगे, खराबवाडी या बाजूला कारखान्यात कामाला आलेल्या, एका खोलीत पाच-सहा जणी राहणाऱ्या मुली तुम्ही बघता. त्यांच्यातली एखादी आमच्या दारात आलेली असते. तिला ६० दिवसांचा अर्थ समजावून सांगणारं कुणी जवळ असतं का, हे तुमच्या गटांनी बघण्यासारखं आहे. तो वेगळा आणि मोठा विषय आहे.

दुसरी मावशी. ती याच वस्त्यांतली असते. पगार थोडा, पाळी बारा तासांची, मुलं अनेक. तिला शिकवलं जातं की फार जीव लावू नका, मूल जायचं आहे. पण जिने जीव लावला नाही तिच्या हातचं मूल नव्या आईलाही जीव लावू शकत नाही, हे आम्ही वर्षानुवर्षं बघितलं. ज्या मावशीचं मूल गेलं तिला दुसऱ्या दिवशी नवं तान्हं हातात देतात. परदेशी बाईंबरोबर गेलेल्या त्या पावणेदोन वर्षांच्या मुलाच्या मावशीने निरोपाच्या वेळी त्याला स्वतः त्यांच्या कडेवर दिलं आणि म्हणाली, ‘जा, ही तुझी आई.’ मग आत जाऊन तिने त्याची कॉट पुसली. तिला एक दिवसाची सुट्टी द्यावी, एवढं आम्हाला संस्थेत मंजूर करून घ्यायला दोन बैठका लागल्या.

तर मी आज एक कागद बरोबर आणला आहे. आपल्या पट्ट्यातल्या कारखान्यांत दर तीन वर्षांनी वेतन करार होतात, आणि कायद्यापेक्षा जास्त देण्याला करारात कुणी मनाई केलेली नाही. मागणीपत्रात घालायची पाच वाक्यं मी लिहून काढली आहेत. दत्तक मुलाच्या वयाची अट नको. आईला पूर्ण पगारी रजा, मूल हातात आल्या दिवसापासून. त्याआधी संस्थेत जाऊन बसण्यासाठी सहा दिवस. बापालाही रजा, आणि दोघांच्या पाळ्या सहा महिने ठरलेल्या. हे सगळं कंत्राटी कामगारांनाही लागू. युनियनमधले भाऊ पहिल्यांदा हसतील, म्हणतील अशी मुलं घेणारी माणसं आहेत किती? त्यांना सांगा, थोडीच आहेत, म्हणजे खर्चही थोडाच आहे. ज्यांच्या कारखान्यात यंदा करार व्हायचा आहे त्यांनी चहाच्या वेळी माझ्याकडून प्रत घ्यावी, आणि कुठला शब्द कामगारांना कळणार नाही तोही तिथेच बदलून टाकू.